फेरसामन्याचे गाडीभाडे



या व्यासपीठावर आजवर मोठमोठे प्राध्यापक आणि साहित्यिक बोलून गेले. आमच्या नावापुढे पदवी नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते इचलकरंजीच्या रातपाळीत, मागाच्या खडखडाटात, आणि युनियनच्या कचेरीत पडलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘फुटबॉल’ असे सांगितले, आणि फोनवर क्षणभर पलीकडून कोणी बोललेच नाही. त्यांना वाटले असावे की, हा मनुष्य किमान वेतनावर, बोनसवर बोलेल. आम्ही त्यांना म्हटले, बोलणार त्यावरच आहोत. फक्त मैदानात उभे राहून बोलू.

कोल्हापुरात फुटबॉलवर बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन टाळ कसा धरावा हे सांगण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले म्हणजे पेठाच्या पेठा ओस पडतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. तेव्हा खेळ कसा खेळावा हे आम्ही सांगणार नाही. आम्ही सांगणार आहोत एका चषकाची गोष्ट: इंग्लंडचा एफ. ए. कप. देशातल्या सगळ्या क्लबांना खुली असलेली, हरला तो घरी गेला अशा बाद पद्धतीची ही जगातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. आणि त्या गोष्टीतही एकच प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे. सामना बरोबरीत सुटला तर पुढे काय? आपल्याकडे लगेच टायब्रेकर घेऊन मोकळे होतात. तिथे दीडशे वर्षे फेरसामना होत असे. तो खेळायला पुन्हा प्रवास आला, पुन्हा कामावर खाडा आला. तेव्हा प्रश्न असा की, या दुसऱ्या दिवसाचे गाडीभाडे कोणी भरायचे?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण ही स्पर्धा जन्मली त्याच वर्षी तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

१८७१ च्या जुलैत लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांनी कल्पना मांडली. अल्कॉक हॅरो या श्रीमंतांच्या शाळेत शिकलेले. त्या शाळेत निरनिराळ्या वसतिगृहांचे संघ एकमेकांना बाद करीत शेवटी एक विजेता ठरत असे. तेच देशभर का करू नये, असे त्यांनी म्हटले. पहिल्या वर्षी पंधरा क्लबांनी नावे दिली. त्यांत ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा एक होता. चषक घडवण्यासाठी त्याने आपली गिनीभर वर्गणीही पाठवली. लंडन लांब म्हणून त्याला पहिल्या फेऱ्यांतून सूट मिळाली, आणि १८७२ च्या मार्चमध्ये तो उपांत्य सामन्याला लंडनला आला. समोर वाँडरर्स हा संघ, कप्तान स्वतः अल्कॉक. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. फेरसामना ठरला. पण लंडनमध्ये आणखी राहायला, किंवा घरी जाऊन पुन्हा यायला, क्वीन्स पार्ककडे पैसे नव्हते. ते घरी परतले. वाँडरर्स अंतिम सामन्यात गेले आणि १६ मार्च १८७२ रोजी रॉयल इंजिनिअर्सचा एका गोलने पराभव करून चषक जिंकले.

श्रोतेहो, कोणीही फसवणूक केली नाही. नियम सर्वांना सारखाच होता. क्वीन्स पार्क हरलाही नाही. तरी तो बाहेर गेला. आम्ही आयुष्यभर कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढलो आहोत. पहिल्या तारखेला कामगार जिंकत नाही, मालकही जिंकत नाही. पुढची तारीख पडते. आणि त्या पुढच्या तारखेला यायला कामगाराकडे एस्.टी.चे भाडे नसते. म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांला ती जुन्या ओळखीची वाटली.

पहिली दहा वर्षे चषक लष्करी अधिकारी, विद्यापीठांतले तरुण आणि बड्या शाळांचे माजी विद्यार्थी यांच्यात फिरत राहिला. मग उत्तरेकडून गिरणीचे लोक आले.

लँकेशायर परगण्यात डार्वेन नावाचे एक गाव आहे. कापडाच्या गिरण्यांचे गाव. महात्माजी १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेले असता, आमच्या बहिष्कारामुळे तुमच्या हातचे काम गेले असेल तर तुम्हांला भेटले पाहिजे, म्हणून ज्या गावी गेले तेच हे डार्वेन. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात ते हसत उभे आहेत हे छायाचित्र आपण पाहिले असेल. तर त्याच्याही बावन्न वर्षे आधी, १८७९ साली, डार्वेनचा संघ चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. समोर ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी, लॉर्ड आणि बँकवाले. सामना लंडनला, घरापासून दोनशे मैलांवर.

पाच विरुद्ध एक अशी डार्वेनची अवस्था होती. शेवटच्या पाव तासात गिरणीवाल्यांनी चार गोल केले आणि पाच-पाच बरोबरी झाली. डार्वेनची जादा वेळ खेळायची तयारी होती, कारण पुन्हा येणे परवडणारे नव्हते. इटोनियन्सनी नकार दिला. पुन्हा लंडन. दोन-दोन बरोबरी. तिसऱ्यांदा लंडन! गावात, गिरण्यांत वर्गणी फिरली. तिसऱ्या सामन्यात डार्वेन सहा विरुद्ध दोन असे हरले. पाय कशाने थकले होते, खेळाने की प्रवासाने, ते ज्याचे त्याने ठरवावे. एक मात्र खरे की इटोनियन्स तिन्ही वेळा लंडनमध्येच खेळले.

आणि हे १८७९ साल आहे हे ध्यानात घ्या. आदल्याच वर्षी त्या भागातल्या गिरण्यांत शेकडा दहा मजुरीकपातीविरुद्ध मोठा संप झाला होता. सुमारे नऊ आठवडे चालला, आणि कामगार हरले. शेजारच्या ब्लॅकबर्न गावी संतापलेल्या जमावाने मालकांच्या पुढाऱ्याचे घर जाळले. आम्ही जाळपोळीचे समर्थक नाही. तीस वर्षांत एक काचही फोडू दिली नाही. पण ज्या गावांनी वर्षापूर्वी नऊ आठवडे उपास काढले, त्यांनीच फुटबॉलच्या गाडीभाड्याला पेन्या काढल्या, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता कोणी विचारील, गिरणी कामगाराला खेळायला वेळ कुठून मिळाला? हा खरा कळीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १८४७ साली बायका आणि मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांचे काम थांबवणे मालकांना भाग पडले, आणि १८७४ च्या कायद्याने ती वेळ आणखी अलीकडे आणली. बायका-मुले थांबली की गिरणी थांबे, आणि गिरणी थांबली की पुरुषही सुटत. अशी शनिवारची दुपार मोकळी झाली. इंग्लंडात फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी तीन वाजता का सुरू होत असे, याचे मूळ आम्हांला कारखाना कायद्यात सापडते. खेळाडूंच्या चरित्रांत ते सापडायचे नाही.

याच वेळी आपल्याकडे काय चालले होते? ब्लॅकबर्नच्या गिरण्या कोणाचे कापड विणत होत्या? आपलेच. धोतरे! आपल्या आज्यापणज्यांनी नेसलेली धोतरे तिथले विणकर विणत. १८८२ साली त्या मालावरची आयातजकातही सरकारने काढून टाकली. आणि त्या मालाशी टक्कर देत मुंबईच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत होत्या. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. प्रौढ माणसाला त्यात काही नव्हते. लँकेशायरचे मालक ‘हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कायदा लावा’ म्हणून ओरडत. त्यामागे माणुसकी किती आणि धंदा किती, हे आपण जाणता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, आणि साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. मागणी काय? आठवड्यातून एक दिवस, रविवारची सुट्टी. अर्धा शनिवार नव्हे. एक रविवार! तो मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला आणि कितीतरी वर्षे तो गोऱ्या पलटणींनीच नेला. आमच्या लोकांना फुटबॉल येत नव्हता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही त्या सभेचे साल सांगतो.

पुन्हा लँकेशायरला जाऊ. १८८३ च्या ३१ मार्चला लंडनच्या ओव्हल मैदानावर चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला पुन्हा ओल्ड इटोनियन्स, आदल्या वर्षीचे विजेते. दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. या संघाची यादी आम्ही वहीत उतरवून ठेवली आहे: तीन विणकर, एक सूतकताईवाला, गिरणीच्या यंत्रावरचा एक, लोखंडाचा ओतकाम करणारा एक, तसबिरींच्या चौकटी करणारा एक, दंतवैद्याचा मदतनीस एक, कारकून एक, गुत्तेवाला एक, आणि कप्तान वॉरबर्टन हा नळकाम करणारा. इटोनियन्सनी पहिला गोल केला. चौकटीवाल्या मॅथ्यूजने बरोबरी साधली. इटोनियन्सचा एक गडी जायबंदी झाला, आणि त्या काळी बदली खेळाडू नसल्यामुळे ते दहाच उरले. हेही सांगितले पाहिजे. जादा वेळ खेळायला या खेपेस ते कबूल झाले. त्या जादा वेळात जिमी कॉस्टली या सूतकताईवाल्याने गोल केला. चषक लँकेशायरला गेला. वॉरबर्टनने गावी परतल्यावर सांगितले म्हणतात की, हा आता परत लंडनला जायचा नाही. आणि १९०१ पर्यंत खरोखरच तो गेला नाही.

हे वाचून आमची छाती फुगली होती. पण पुढचा भाग सांगितला नाही तर आम्ही भाषणबाज ठरू. सामन्यापूर्वी हा संघ ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी कित्येक दिवस राहून तयारी करीत होता. त्या दिवसांची मजुरी? एका लोखंडाच्या ओतशाळेच्या मालकाने पैसा पुरवला होता. साहेब लोकांनी नाके मुरडली: खेळासाठी पैसा घेणे म्हणजे खेळ विटाळणे. नियम असा होता की प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली मजुरी यांपलीकडे एक पेनीही द्यायची नाही. बँकवाल्याची मजुरी बुडत नाही, म्हणून तो शुद्ध हौशी! विणकर शनिवारी सकाळी गाडीत बसला तर त्याचे माग बंद, तो मात्र पैशाचा लोभी. हौस या शब्दाला केवढी मोठी मिळकत लागते, हे आम्हांला या प्रकरणात समजले. शेवटी १८८४ साली प्रेस्टनच्या संघावर तक्रार झाली. तिथल्या विल्यम सडेल यांनी, होय, आम्ही पैसे देतो, असे सरळ कबूल केले, आणि १८८५ च्या जुलैत खेळाडूला वेतन देणे कायदेशीर झाले.

इथे कामगाराचा विजय झाला असे म्हणून थांबावेसे वाटते. पण वेतन कायदेशीर झाले म्हणजे ज्याच्याकडे जास्त पैसा त्याला चांगले खेळाडू मिळू लागले. ब्लॅकबर्नमध्ये ऑलिम्पिकशेजारीच रोव्हर्स नावाचा अधिक पैसेवाला क्लब होता. १८८८ साली बारा क्लबांची लीग निघाली; तीत ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सना घेतले. ऑलिम्पिकने वेतने कमी केली, खेळाडू सोडून गेले, आणि १८८९ साली क्लब बंद पडला. विणकरांचा चषक जिंकून सहा वर्षे झाली होती.

जाता जाता आणखी एक गोष्ट. त्या गिरण्यांत मागावर उभ्या असणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. त्यांच्यासाठी चषक नव्हता. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या मुलींनी संघ काढला, ‘डिक, कर लेडीज’. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार लोक आले. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या डिसेंबरात, असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायची बंदी केली आणि ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे; तो एखाद्या भगिनीने या व्यासपीठावरून मांडावा.

आता आमच्याकडची एक गोष्ट. ती सांगावी की नाही याचा दोन रात्री विचार केला. ती आमच्याही चुकीची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या युनियनने मे दिनानिमित्त यंत्रमाग कामगारांची फुटबॉल स्पर्धा घेतली होती. सातसात जणांचे संघ, बाद पद्धत, चषक पितळेचा. मैदान म्हणजे ओढ्याकाठची पडीक जागा. आमच्याकडे बारा तासांची पाळी, मजुरी कापड उतरेल त्या मीटरवर. माग बंद तर मजुरी बंद. त्यामुळे अंतिम सामना सुट्टीच्या दिवशी ठेवला. तो एक-एक बरोबरीत सुटला, आणि अंधार पडला. आम्ही पंच होतो. पेनल्टी घ्याव्यात असे काहींचे म्हणणे पडले. आम्ही इंग्लंडच्या चषकाची पुस्तकी गोष्ट नुकतीच वाचलेली. आम्ही ऐटीत सांगितले, फेरसामना होईल, परवा संध्याकाळी.

एका संघाचा गोलकीपर आमच्या ओळखीचा. आठ माग सांभाळायचा. हात असा की बीम उतरवताना सुताचा तार तुटत नसे. त्याची त्या आठवड्यात दिवसपाळी. तो म्हणाला, “दादा, मालक सोडायचा नाही.” आम्ही म्हणालो, “अरे ये की, एका पाळीनं काय होतंय?” तो आला. खाडा करून आला. त्याने सामना जिंकून दिला, पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत नेले. दुसऱ्या दिवशी कामावर गेला तर त्याच्या मागांवर दुसरा माणूस उभा. मालकाने त्याचे माग काढून घेतले होते. मालक काही राक्षस नव्हता. त्याच्या मालाची तारीख होती, कांड्या भरून पडल्या होत्या, व्यापारी दारात बसला होता. पण त्याच्या आणि आमच्या मधे भरडला गेला तो गोलकीपर.

सतरा दिवस आम्ही त्या कारखान्याच्या दारात फेऱ्या घातल्या. अठराव्या दिवशी त्याला परत घेतले. पण जुने आठ माग नाही दिले, कोपऱ्यातले चार जुनाट दिले, ज्यांचा धोटा तासाला उडायचा. सतरा दिवसांच्या मजुरीचे काय, हे युनियनच्या बैठकीत विचारले गेले. निधीत पैसे नव्हते. निधी मंडपावर आणि चषकावर खर्च झाला होता. त्याच्या बायकोने आम्हांला कधी दोष दिला नाही. मात्र पुढे कितीतरी दिवस आम्ही गेलो की ती चहा ठेवायची आणि आत निघून जायची. तो पुन्हा खेळला नाही. क्वीन्स पार्कची गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली होती, आणि तीच चूक आम्ही पंच होऊन केली. फेरसामना द्यायचा तर त्या दिवसाची मजुरी आधी बाजूला काढून ठेवायची असते, हे आम्हांला त्या घरच्या चहाने शिकवले.

इंग्लंडमध्ये मात्र काळाच्या ओघात एक चमत्कार झाला. ज्या फेरसामन्याने गरीब क्लबांना घरी पाठवले होते तोच त्यांचा आधार झाला. चषकात तिकिटांचे उत्पन्न दोन्ही संघांत वाटले जाते. त्यात पुढे दूरचित्रवाणीचा पैसा आला. लहान गावच्या क्लबाने मोठ्या क्लबाला त्याच्या मैदानावर बरोबरीत रोखले, की फेरसामना लहान गावात. मोठ्यांना चिखलात उतरावे लागे. १९७२ च्या फेब्रुवारीत हेरेफर्ड नावाच्या गावात असा फेरसामना झाला. हेरेफर्डचा क्लब तेव्हा लीगच्या बाहेरचा. समोर पहिल्या श्रेणीचा न्यूकॅसल. सामना संपत आलेला, हेरेफर्ड एका गोलने मागे, मैदान म्हणजे रोवणीचे शेत. रॉनी रॅडफर्ड नावाच्या खेळाडूने लांबून जो फटका मारला तो वरच्या कोपऱ्यात गेला. हा रॅडफर्ड पोटापाण्यासाठी सुतारकाम करीत असे! जादा वेळात दुसरा गोल झाला आणि न्यूकॅसल घरी गेले. तो गोल आजही तिकडे पुन्हा पुन्हा दाखवतात.

दुसरे उदाहरण आम्हांला याहून प्रिय आहे. एक्झेटरचा क्लब २००३ साली कर्जात बुडाला, लीगमधून खाली गेला. तेव्हा त्याच्या प्रेक्षकांनीच ट्रस्ट करून तो ताब्यात घेतला. एका अर्थी सहकारी क्लब. हे कोल्हापूर जिल्ह्यात समजावून सांगायला नको. २००५ च्या जानेवारीत चषकात त्यांची गाठ मँचेस्टर युनायटेडशी पडली, तीही युनायटेडच्या घरी. सदुसष्ट हजारांवर प्रेक्षकांसमोर एक्झेटरने गोलशून्य बरोबरी केली. फेरसामना ते दोन गोलांनी हरले. पण त्या दोन सामन्यांच्या पैशातून कर्जाच्या फासातून मान सोडवता आली. क्वीन्स पार्क हरले नव्हते तरी त्यांचे गेले. एक्झेटर हरले तरी त्यांचे राहिले.

आणि आता, २०२४-२५ च्या हंगामापासून, चषकाच्या मुख्य स्पर्धेतले फेरसामने बंद केले आहेत. पहिल्या फेरीपासून पुढे बरोबरी झाली तर जादा वेळ, नाहीतर पेनल्टी, त्याच दिवशी निकाल. सातशेच्या वर क्लब या स्पर्धेत उतरतात, त्यांतल्या लहानांनी मोठी ओरड केली. कारण असे दिले गेले की युरोपातल्या स्पर्धांचे सामने वाढले आहेत, वेळापत्रकात जागा नाही, खेळाडू थकतात.

इथे आमची पंचाईत होते. आम्ही युनियनवाले. काम कमी करा, असे कोणी म्हणाले तर आम्ही विरोध कसा करणार? खेळाडू थकतात हे खरे आहे. तिकडच्या खेळाडूंच्या युनियनची स्थापना १९०७ ची. आठवड्याला किती वेतन द्यायचे यावरची कमाल मर्यादा त्यांनी लढून १९६१ साली उठवली. २०२४ साली खेळाडूंच्या संघटना वाढत्या वेळापत्रकाविरुद्ध जागतिक फुटबॉल महासंघावर कोर्टात गेल्या. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण कारखान्यात जेव्हा मालक सांगतो, तुमच्यावरचा बोजा कमी करतो, तेव्हा आम्ही पहिले विचारतो की, कोणते काम काढताय? इथे काय काढले? बड्या क्लबांना कोट्यवधी देणाऱ्या नव्या स्पर्धा काढल्या नाहीत. त्या तर वाढवल्या. काढला तो लहान गावातला एक दिवस. बोजा खरा होता, पण तो दुबळ्याच्या पानातले काढून हलका केला. मोठ्या क्लबच्या खेळाडूला विश्रांती मिळावी. त्या विश्रांतीचे भाडे मोठ्या क्लबने लहान क्लबला भरावे. एवढा साधा करार कोणाच्या डोक्यात आला नसेल असे आम्हांला वाटत नाही.

आपल्या देशाकडेही वळले पाहिजे. क्लबांसाठी बाद पद्धतीचा राष्ट्रीय चषक म्हणून १९७७ साली फेडरेशन कप सुरू झाला. पहिल्याच वर्षी, एर्नाकुलमला, अंतिम सामन्यात मोहन बागानसारख्या मातब्बराला एका गोलने हरवून तो कोणी नेला? बंगलोरच्या आय. टी. आय.ने, म्हणजे टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या संघाने! मुंबईच्या महिंद्र युनायटेडने तो दोनदा जिंकला, आणि २०१० साली तो संघच मोडला. रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीला थांबला. फेडरेशन कप २०१७ नंतर झाला नाही. २०१८ पासून सुपर कप आला. त्यात कारखान्यांचे संघ शोधावे लागतील. कारखान्यांतच कायम कामगार शोधावा लागतो, तिथे संघाचे काय? कंत्राटी माणसाला खेळासाठी रजा कोण देणार? त्याला आजारपणाचीच मिळत नाही.

आमची ती मे दिनाची स्पर्धा मधे बरीच वर्षे बंद होती. गेल्या साली पुन्हा सुरू केली. या वेळी नियम आम्ही लिहिला नाही, कामगारांनी लिहिला. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर फेरसामना व्हायचा. पण दोन्ही संघांच्या चौदा गड्यांची एका पाळीची मजुरी आधी निधीत जमा असली पाहिजे, आणि त्या दिवशी मागांवर उभा राहणारा बदली कामगार युनियनने द्यायचा. तसे दोन मालकांशी लेखी बोलणे झाले आहे. तिसरे अजून विचार करीत आहेत. चषक पुन्हा पितळेचाच आहे, आणि मंडप नाही.

निधीत आज नऊ जणांची मजुरी जमली आहे. पाच जणांची बाकी आहे. पावतीपुस्तक घेऊन आमचे एक सहकारी दाराशी उभे आहेत. साठीच्या घरातले, उंच, डोक्याला टोपी. ते बोलत कमी. तेव्हा त्यांना भाषण करायला लावू नये. पूर्वी ते गोलकीपर होते.